फुफीची सायकल : जळगाव ते धुळे

प्रवासवर्णन म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे काश्मीर, केरळ नाहीतर इस्तंबूल येते. या वेळी आम्ही तुम्हाला नेणार आहोत जळगावहून धुळ्याला. अंतर सुमारे 90 किलोमीटर, वाहन एस.टी. आणि सामान म्हणजे जुन्या चादरीत गुंडाळलेला सायकलचा सांगाडा, दोन गंजकी चाके आणि सुट्या भागांची एक गोणी. कंडक्टरने सामानाचे तिकीट फाडले आणि विचारले, ‘‘भंगारात द्यायला एवढ्या लांब चाललात?’’ लेक म्हणाली, ‘‘नाही काका, नवीन करायला.’’ कंडक्टर हसले आणि चाके नीट आडवी ठेवायला त्यांनीच हात लावला.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे नवरा-बायको आणि अकरावीत गेलेली आमची लेक. सायकल आमच्या फुफींची. फुफी जळगावात उर्दू प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. आमचे दादाजान खान्देश मिलमध्ये कामाला. पाळी बदलताना गिरणीच्या फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा, त्यात त्यांचीही एक असायची. गिरणी केव्हाच बंद झाली. रेल्वे स्टेशनजवळच्या त्या जागेवर आज खान्देश सेंट्रल उभे आहे. दादाजाननी 1976 साली फुफींना लेडीज सायकल घेऊन दिली. मोहल्ल्यात चार लोक चार गोष्टी बोलले. दादाजान म्हणाले, ‘‘शाळा तीन किलोमीटर आहे. ज्याला सायकल नको वाटते त्याने रोज टांग्याचे पैसे आणून द्यावेत.’’ पैसे कोणी आणून दिले नाहीत.

दुसऱ्याच वर्षी फुफींची ओढणी मागच्या चाकात गेली. फास आवळण्याआधी ओढणी फाटली म्हणून जीव वाचला. हनुवटीवर टाक्यांची खूण मात्र राहिली. सायकल बंद होणार असेच सगळ्यांना वाटले. दादाजाननी सायकल बंद केली नाही. मागच्या मडगार्डला दोन्ही बाजूंनी भोके पाडून घेतली आणि तिथपासून चाकाच्या आसापर्यंत दोरीची जाळी ओवून घेतली. त्यानंतर फुफींनी ती सायकल 20 वर्षांहून अधिक काळ चालवली. पुढे गुडघे दुखू लागले, रिक्षा आली आणि सायकल माळ्यावर गेली.

आता लेकीचे कॉलेज घरापासून चार किलोमीटरवर आहे. तिने मोबाईलवर एका क्रूझर सायकलचे चित्र दाखवले. फुगीर टायर, रुंद हँडल, ऐसपैस सीट आणि पुदिन्याच्या रंगाची फ्रेम. बाजारात गिअरच्या नव्या सायकलीची किंमत आम्हाला 12 हजारांच्या पुढे सांगितली गेली आणि तीही तिला हवी तशी नव्हती. तेव्हा फुफी म्हणाल्या, ‘‘माझी आहे ना वर. तिची कमान बघ, तुझ्या चित्रातल्या सायकलसारखीच आहे. रंग हवा तो दे, भाग हवे ते लाव. पण जाळी लावल्याशिवाय ती दाराबाहेर जाणार नाही.’’ माळ्यावरून सायकल उतरली तेव्हा जाळीचा एक धागाही शिल्लक नव्हता.

जळगावात काय मिळाले, काय नाही

जळगाव आज ओळखले जाते ते सोन्यासाठी, केळीसाठी, डाळीसाठी आणि एम.आय.डी.सी.तल्या पाइप-चटईसाठी. सायकलची बाजारपेठ म्हणून कोणी त्याचे नाव घेत नाही. पण फुले मार्केटच्या आसपासच्या रस्त्यांवर आणि जुन्या गावात हिंडले की टायर, ट्यूब, चेन, छर्रे, ब्रेकचे रबर, घंटी असे सगळे मिळते. टायर-ट्यूब आणि चेन आम्ही तिथेच घेतली. अजिंठा चौफुलीकडच्या भंगाराच्या ढिगांतून लेकीने स्वतः एक पितळी घंटी शोधून काढली. वाटीला पोचे पडले होते, पण आवाज खणखणीत होता.

अडचण आली ती फुगीर टायरांची. नव्या सायकली दुरुस्त करणाऱ्या एका तरुण कारागिराने 26 इंची रुंद टायरचे चाक आणून आमच्या फ्रेममध्ये धरून पाहिले. टायर मागच्या दोन नळ्यांना घासत होता. ‘‘नळ्या हातोड्याने थोड्या आत दाबतो, बसेल,’’ तो म्हणाला. मुलगा कामाचा होता, पण त्याचा हात गिअरच्या सायकलींवर बसलेला. आम्ही थांबलो. फुफींच्या सायकलच्या नळ्या ठोकून चपट्या करायला मन होईना. शिवाय त्याच्याकडच्या सगळ्या रिमांना 36 भोके होती आणि आमच्या पुढच्या हबला 32, मागच्या हबला 40. जुन्या इंग्रजी घडणीच्या सायकलींत हे असेच असते. मागच्या चाकावर माणसाचे आणि कॅरिअरचे वजन जास्त, म्हणून तिथे तारा जास्त. रिम बदलायची तर हबही बदलायचा, हब बदलला की आस बदलतो. एक भाग बदलला की त्याच्या शेजारचा भाग आपली अडचण सांगू लागतो.

लेकीच्या धुळ्यातल्या मामूंनी फोनवर सांगितले, ‘‘आमच्याकडे एक उस्ताद आहेत. लेडीज सायकल म्हटली की लोक त्यांच्याकडेच नेतात. आणि हो, पोरीलाही घेऊन या. जिला चालवायची तिला बघितल्याशिवाय ते पाना हातात घेत नाहीत.’’

रस्ता

जळगावहून निघालेली एस.टी. बांभोरीला गिरणा नदीचा पूल ओलांडते. तिथेच आपले विद्यापीठ आहे. पुढे पाळधी, मग एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे आणि धुळे. हा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 6, सुरतेहून नागपूरकडे जाणारा. दोन्ही बाजूंना कापूस, मका आणि मध्येच लिंबाची झाडे. जळगाव आणि धुळे हे मुळात एकाच खान्देश जिल्ह्याचे भाग. इंग्रजांनी 1906 साली जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले. जिल्हे वेगळे झाले तरी सोयरिकी, बाजार आणि अहिराणी बोली वेगळी झाली नाही.

एरंडोल हे गाव एकेकाळी हातकागदासाठी नावाजलेले होते. यंत्राचा स्वस्त कागद आला आणि तो धंदा ओसरत गेला. गोणीतल्या सुट्या भागांवर हात ठेवून बसलेल्या आम्हाला ती आठवण सुखाची वाटली नाही. पण त्याच गावाबाहेर रस्त्याच्या कडेने शाळेच्या गणवेशातल्या सात-आठ मुली सायकलींवर चालल्या होत्या. एकीच्या मागे एक, दप्तर पुढच्या बास्केटमध्ये. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमात 125 तालुक्यांतील 8वी ते 12वीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात. खेड्यात आठवीनंतर मुलीची शाळा सुटते त्यामागे घरची मर्जी जितकी असते, तितकेच शाळेचे अंतरही असते. तमिळनाडूत 1990 नंतरच्या एक-दोन वर्षांत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवली गेली. हजारो बायका शिकल्या, त्यांत खेड्यापाड्यांतल्या मुस्लिम महिलाही मोठ्या संख्येने होत्या. कोणी पाणी आणायला, कोणी मुलांना शाळेत सोडायला, कोणी बाजाराला सायकल वापरू लागल्या. आमच्या फुफी तर त्यांच्या 15 वर्षे आधीच्या. लेकीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘‘मग फुफीदादींनी हे कधी सांगितले का नाही?’’ सांगण्यासारखे काही केले असे फुफींना कधी वाटलेच नव्हते.

उस्तादांची गल्ली

धुळे हे आखून वसवलेले गाव आहे. पेशवाई संपल्यावर इंग्रजांचे अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी 1819 च्या सुमारास पांझरेकाठच्या जुन्या वस्तीशेजारी नवी पेठ आखली. सरळ रस्ते, समांतर गल्ल्या. त्या गल्ल्यांना आजही लोक क्रमांकानेच ओळखतात. चार नंबर, पाच नंबर, सहा नंबर. गावातून जाणारा आग्रा रोड आता मुख्य बाजार आहे आणि मुंबई–आग्रा व सुरत–नागपूर हे दोन्ही मोठे मार्ग धुळ्याला एकमेकांना भेटतात. अशा गावात ट्रक दुरुस्त करणारे, वेल्डर, रंगारी, पाटे बनवणारे कारागीर आपोआप जमतात. यंत्रमागांवर जाणाऱ्या कामगारांच्या सायकली होत्या, त्यामुळे सायकलचे मिस्त्रीही होते. आता मोजकेच उरले आहेत.

उस्तादांचे दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली. छताला रिमा टांगलेल्या, भिंतीवर पाने आणि कोपऱ्यात रॉकेलचे पातेले. सलाम-दुआ झाली, पाणी आले. त्यांनी आधी लेकीला भिंतीशी उभे करून कमरेची उंची पाहिली. मग सांगाडा उलटा केला. एक सुतळी हँडलच्या नळीला वेढून तिची दोन्ही टोके मागे, चाक बसते त्या दोन खाचांपर्यंत ताणून बांधली. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या सुतळीचे अंतर पट्टीने मोजले. दोन्हीकडे सारखे भरले. ‘‘फ्रेम पक्की शे,’’ ते अहिराणीत म्हणाले, ‘‘कोठेच वाकेल नही.’’ 50 वर्षे जुनी फ्रेम, पण वाकलेली नव्हती. हँडलखालचा कंपनीचा बिल्ला मात्र केव्हाच गळून गेला होता. तिथे रिव्हेटची दोन भोके तेवढी राहिली होती.

लेकीने विचारले, ‘‘चाचा, ही कोणत्या कंपनीची?’’

‘‘बेटा, सायकल कंपनीची नसते, मिस्त्रीची असते,’’ उस्ताद हसून म्हणाले. हे बोलणे नुसते मिशीला पीळ देणारे नव्हते. आपल्या देशात 1939 च्या सुमारास मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना निघाला. 1951 मध्ये सोनिपतला ॲटलस, 1956 मध्ये लुधियानात हिरो. पण जिल्ह्याच्या गावी सायकल तयार होऊन येत नसे. फ्रेमा वेगळ्या, रिमा वेगळ्या, छर्रे पुड्यांत, तारा जुडग्यांत. दुकानदाराकडचा मिस्त्री ते सगळे जोडायचा, त्याला फिटिंग म्हणत. एकाच कंपनीच्या दोन सायकली एकीसारखी दुसरी चालायची नाही, कारण हात वेगळे. ॲटलसने साहिबाबादचा आपला मोठा कारखाना 2020 साली 3 जूनला थांबवला. तो दिवस जागतिक सायकल दिन होता. उस्तादांना ती तारीख पाठ होती.

क्रूझर कुठे राहिली?

मग मुख्य प्रश्न निघाला. लेकीने मोबाईल पुढे केला. उस्तादांनी चष्मा लावून चित्र नीट पाहिले आणि ‘‘चांगली आहे’’ म्हणाले. नंतर पाटीवर खडूने दोन वर्तुळे काढली.

आपल्या 28 इंची सायकलच्या रिमेचा माप घेतला तर टायर बसतो तिथला व्यास 635 मिलीमीटर भरतो. 26 इंची फुगीर टायरच्या रिमेचा 559. फरक 76, म्हणजे एका बाजूला 38 मिलीमीटर. फुफींच्या सायकलला रॉडचे ब्रेक आहेत. दांडी वर ओढली की रबर रिमेला आतून दाबते. रिम 38 मिलीमीटरने आत सरकली की रबर तिथपर्यंत पोचतच नाही, आणि त्या नव्या रिमेला आतल्या बाजूने ब्रेकसाठी सपाट जागाही नसते. म्हणजे ब्रेक बदलायचे. रॉडच्या ब्रेकच्या मुठी हँडलमध्येच बसवलेल्या असतात, म्हणून हँडलही बदलायचे. नळ्या ठोकायच्या त्या वेगळ्याच. ‘‘सगळे करता येते,’’ उस्ताद म्हणाले, ‘‘पण मग फुफींची काय उरली? एक कमान. आणि ठोकलेल्या नळीचा भरवसा मी देणार नाही. मागे बसणारी कोणाची तरी मुलगीच असेल.’’

लेकीचा चेहरा उतरला. ‘‘मग क्रूझर कुठे राहिली?’’

उस्तादांनी बाहेर उभी असलेली आपली काळी 28 इंची सायकल तिच्या मामूंच्या हाती दिली, लेकीला कॅरिअरवर बसवले आणि गल्लीच्या टोकापर्यंत दोन फेऱ्या मारून आणायला सांगितले. रस्ता उकरलेला होता. परत आल्यावर त्यांनी विचारले, ‘‘हाडे वाजली?’’ फारशी वाजली नव्हती.

कारण त्यांनी समजावून सांगितले. फुगीर टायरांची सायकल अमेरिकेत शिकागोच्या श्विन कंपनीने 1933 साली बाजारात आणली. सव्वादोन इंचांच्या आसपास रुंद टायर, भक्कम फ्रेम, खडबडीत रस्त्यावर पोरांनी कशीही दामटावी अशी. तिकडे रस्त्याचे धक्के टायरातल्या हवेने झेलले. इंग्रजांच्या आणि त्यांच्यावरून आपल्याकडे आलेल्या सायकलने तेच काम वेगळ्या रीतीने केले. चाक मोठे, म्हणजे ते खड्ड्यात कमी उतरते. पुढचा चिमटा उभा न ठेवता पुढे झुकवलेला आणि टोकाला वळवलेला, म्हणजे तो धक्क्याबरोबर किंचित लवतो. दोन चाकांत अंतर जास्त आणि सीटखाली स्प्रिंगा. हँडलही मागे वळलेले, म्हणून पाठ ताठ राहते. लेकीच्या चित्रातली ऐट आणि फुफींच्या सायकलचा आराम यांचे मूळ एकच निघाले : वाईट रस्ता.

निर्णय उस्तादांनी घेतला नाही, आम्हीही घेतला नाही. लेकीने बराच वेळ सांगाड्याकडे पाहिले आणि म्हणाली, ‘‘चाके हीच ठेवू. सीट रुंद, पुढे बास्केट आणि रंग माझा.’’

काम

ते दोन दिवस आम्ही मामूंकडे राहिलो आणि लेक दुकानात बसली. उस्तादांची एक अट होती : बघायचे असेल तर हात काळे करायचे.

पायडलचे दांडे आसावर घट्ट धरून ठेवणाऱ्या कॉटर पिना गंजून चिकटल्या होत्या. त्यांना रात्रभर रॉकेल पाजले. सकाळी दांड्याखाली लोखंडाचा आधार देऊन एकेक ठोका मारला तेव्हा त्या निघाल्या. आधार न देता ठोकले तर धक्का आतल्या छर्ऱ्यांवर जातो आणि वाटीला खड्डे पडतात. उजव्या बाजूची वाटी सोडवताना लेकीने नेहमीप्रमाणे पाना फिरवला, वाटी हलेना. ‘‘इथे आटे उलटे,’’ उस्ताद म्हणाले. डाव्या पायडलचेही तसेच. चालवताना त्या बाजूला ज्या दिशेने जोर बसतो, त्याने सरळ आट्यांचा भाग आपोआप सैल होत जाईल, म्हणून तिथे आटे उलटे पाडलेले असतात. आमच्या घरात हे आजवर कोणालाच ठाऊक नव्हते.

चेन घेताना उस्तादांनी पट्टी लावायला शिकवले. 24 कड्या नेमक्या 12 इंचांत बसल्या पाहिजेत. जुन्या चेनच्या 24 कड्या 12 इंच ओलांडून पुढे गेल्या होत्या. ताणलेली चेन दात्यांवर चढते आणि नवे दातेही खाऊन टाकते. मागचे फ्रीव्हील 18 दात्यांचे होते, ते काढून 20 दात्यांचे लावले. पुढचे चक्र 44 दात्यांचे. आधी पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटरच्या आसपास जायची, आता पाच मीटरला थोडी कमी जाते. तेवढा फेरा जास्त, पण मे महिन्यात, पारा 45 अंशांकडे जात असताना, दप्तर घेऊन उड्डाणपूल चढणाऱ्या मुलीच्या पायांना तो फरक कळतो.

मागची रिम गंजून गेली होती. उस्तादांकडे 40 भोकांची न वापरलेली रिम निघाली. तारा ओवण्याचे काम त्यांनी लेकीला दिले. एक तार वर, एक खाली, तिसरीला अडकवून चौथी. पहिल्यांदा चुकले, सगळे काढून पुन्हा. दुसऱ्यांदा जमले. मग चाक चिमट्यात धरून आऊट काढणे. चाक फिरवायचे, रिमेजवळ खडू धरायचा. जिथे खडू लागतो तिथली रिम त्या बाजूला झुकलेली. समोरच्या बाजूची तार अर्धा फेरा आवळायची, या बाजूची तितकीच सैल करायची. जोर कधीच करायचा नाही. जोहरची अजान झाली तेव्हा उस्ताद नमाजला गेले. ते येईपर्यंत लेक तशीच चाकापुढे बसून होती आणि खडूची रेघ अर्ध्या चाकावरून बोटभर जागेवर आली होती.

दुपारी चाचींनी ताट वाढले. कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि धुळ्याची झणझणीत शेवभाजी. जेवताना उस्ताद मोकळे बोलले. त्यांनी तासाच्या भाड्याच्या सायकलींवर धंदा सुरू केला होता. सुट्टीत पोरे अर्ध्या तासासाठी रांग लावत. नगरपालिकेचा कर भरला की सायकलला बिल्ला मिळे. रात्री दिवा नसला की पोलीस हवा सोडून देत. ते सगळे गेले. एक मुलगा मोबाईल दुरुस्त करतो, दुसरा सुरतेला आहे. ‘‘मी त्यांना अडवले नाही. पंक्चरवर घर चालत नाही,’’ ते म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता. ‘‘पण आता खेड्यांतून शाळेच्या मुलींच्या सायकली येतात. त्यांना कोणीतरी लागेल. बायकांना, पोरींना सायकल दुरुस्तीचे शिकवले तर माझ्या हातचे माझ्याबरोबर जाणार नाही.’’ चाची म्हणाल्या, ‘‘शिकवणार तुम्ही, पण शिकायला येणार कोण?’’ लेक ताटावरून मान वर न करता म्हणाली, ‘‘मी आले की.’’

रंगासाठी आग्रा रोडकडच्या ट्रक रंगवणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. पुदिन्याचा रंग त्याने तीन डबे एकत्र करून बनवला. फ्रेमच्या कमानीवर पिवळी रेघ त्याने लांब केसांच्या ब्रशने, हात न टेकवता, एका दमात ओढली. तिथे टेप लावली नव्हती, पट्टी नव्हती.

हिशेब आणि जाळी

खर्च लपवण्यासारखा नाही. टायर-ट्यूब 900, रिमा व तारा 1,100, स्प्रिंगांची रुंद सीट 650, चेन आणि फ्रीव्हील 450, रंग 900 आणि उस्तादांची मजुरी 1,500. एकूण 5,500 रुपये. एस.टी.चे भाडे वेगळे. मजुरी उस्तादांनी 1,000 सांगितली होती. 500 लेकीच्या शिकवणीचे, असे म्हणून आम्ही जास्त ठेवले. त्यांनी ते घेतले, पण त्या बदल्यात तारांचा एक पाना तिच्या हातात दिला.

एक काम मात्र त्यांनी केले नाही. मागच्या मडगार्डला जुनी भोके होती, दर बाजूला नऊ. त्यांच्या कडा घासून गुळगुळीत केल्या आणि आसाच्या नटाखाली बसणारी छोटी पत्र्याची चकती बनवून दिली. ‘‘जाळी घरी करा. ज्यांची ओढणी गेली होती त्यांनाच ती कशी असावी हे जास्त कळते.’’

फुफींनी क्रोशाची सुई काढली. सुती धागा पावसात सैल होतो म्हणून नायलॉनची बारीक दोरी आणवली. पंख्याच्या आकाराचे दोन तुकडे विणले. वर नऊ अडकवण्या, खाली एक. वीण इतकी दाट की तिच्यातून करंगळी जाणार नाही. जाळी ताणून बसवल्यावर त्यांनी आपली ओढणी चाकावर टाकली आणि लेकीला पायडल फिरवायला सांगितले. ओढणी जाळीवरून घसरली आणि खाली पडली. उजवी बाजू, डावी बाजू, मग ओली करून पुन्हा. चार वेळा पाहून झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘आता ने.’’ गेले पाच महिने लेक त्याच सायकलने कॉलेजला जाते आहे आणि मोहल्ल्यातल्या दोन मुलींच्या सायकलींसाठी फुफी सध्या जाळ्या विणत आहेत.

वाचकहो, तुमच्याही माळ्यावर अशी एखादी सायकल असेल. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तीन गोष्टी पाहा. सुतळी बांधून फ्रेम सरळ आहे का ते मोजा. चिमट्याला आणि नळ्यांच्या सांध्यांना तडा आहे का ते पुसून, उजेडात पाहा. आणि हबची भोके मोजून कागदावर लिहा, म्हणजे बाजारात फेऱ्या वाचतील. काढलेला एकही नट फेकू नका. जुने आटे जुन्यांनाच बसतात. फ्रेम सरळ निघाली तर बाकी सगळे मिळते, जळगावात नाही तर धुळ्यात. आणि चालवणारी मुलगी असेल तर मागच्या मडगार्डला भोके रंग देण्याआधी पाडून घ्या.